हीट सिंक निवडताना: आधी वॅट मोजा, मग ॲल्युमिनियम

पुण्यात तापकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, काउंटरवर हीट सिंक (तापणाऱ्या चिपची उष्णता हवेत सोडणारा, ॲल्युमिनियमच्या पात्यांचा तुकडा) मागितला की समोरून विचारतात, "छोटा देऊ की मोठा?" आपण हातात घेऊन वजनाचा अंदाज करतो, खिशाचाही करतो आणि मधला उचलतो. नशीब चांगलं असेल तर चालून जातं. नसेल तर मे महिन्यात दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बोर्ड आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतो, संध्याकाळी गुमान चालतो, आणि आपण दोन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

हे टाळायला लागणारं गणित आठवीतल्या वजाबाकीपेक्षा अवघड नाही. पण ते घरी, कागदावर करावं लागतं. आणि ते नीट केलं की बऱ्याचदा लक्षात येतं की मोठा हीट सिंक घेण्यापेक्षा उष्णताच कमी करणं स्वस्त पडतं.

एक उदाहरण धरून चालू. शेतातल्या पंपासाठी छोटा कंट्रोलर केलाय. सोलर पॅनेलवर चार्ज होणारी १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, त्यावरून ५ व्होल्ट काढायला ७८०५ हा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप), पुढे मायक्रोकंट्रोलर, रिले बोर्ड आणि डिस्प्ले. सगळं मिळून ०.६ अँपिअर. हे एका बंद प्लास्टिकच्या पेटीत, विहिरीजवळच्या भिंतीवर. विदर्भात.

पहिली पायरी: किती वॅट जळतात

७८०५ सारख्या, जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून जाळणाऱ्या लिनियर रेग्युलेटरचा हिशोब सरळ असतो. आत येणाऱ्या व्होल्टेजमधून बाहेर जाणारं वजा करा आणि करंटने गुणा. इथे बहुतेकांची गफलत होते ती '१२ व्होल्टची बॅटरी' या शब्दांमुळे. १२ वजा ५ म्हणजे ७, गुणिले ०.६, म्हणजे ४.२ वॅट. पण भर उन्हात पॅनेल जोरात असतं तेव्हा त्या बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत जातात. तेव्हा हिशोब होतो ९.४ गुणिले ०.६, म्हणजे ५.६४ वॅट. जेव्हा हवा सर्वात गरम, नेमकी तेव्हाच उष्णताही सर्वात जास्त. हीट सिंक या क्षणासाठी निवडायचा असतो, सरासरी दिवसासाठी नाही.

मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) स्विच म्हणून वापरत असाल तर करंटचा वर्ग गुणिले त्याचा चालू स्थितीतला रोध. इथेही एक मेख आहे. आयआरएफझेड४४एन हा मॉसफेट घ्या. डेटाशीटच्या (कंपनीच्या माहितीपत्रकाच्या) पहिल्या पानावर रोध १७.५ मिलीओहम दिलेला असतो, पण तो २५ अंशांना आणि गेटवर (चालू-बंद करणाऱ्या पायावर) १० व्होल्ट असताना. मॉसफेट तापला की हा रोध दीडपट ते पावणेदोनपट होतो. १० अँपिअरला कागदावर १.७५ वॅट दिसतात, प्रत्यक्षात २.८ धरा. गेटला मायक्रोकंट्रोलरचे ५ व्होल्ट थेट देत असाल तर हा आकडाही विसरा, कारण तो मॉसफेट ५ व्होल्टला पुरता उघडत नाही. तिथे हीट सिंक वाढवत बसू नका. लॉजिक लेव्हलचा, म्हणजे ५ व्होल्टलाच पुरता उघडणारा, आयआरएलझेड४४एन लावा. शिवाय स्विचिंग काही किलोहर्ट्झच्या वर असेल तर चालू-बंद होतानाचा लॉस वेगळा मोजावा लागतो.

ऑडिओ ॲम्प्लिफायरचं तर उलटंच असतं. एबी क्लासची आयसी सर्वात जास्त तापते ती पूर्ण आवाजाला नव्हे, त्याच्या खालच्या टप्प्यात, साधारण ४० टक्के पॉवरला. सूत्र असं: एकूण सप्लाय व्होल्टेजचा वर्ग भागिले (२ गुणिले पायचा वर्ग गुणिले स्पीकरचा ओहम). टीडीए२०३० या ॲम्प्लिफायर आयसीला उणे-अधिक १४ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर असेल, तर २८ चा वर्ग ७८४ भागिले ७९, म्हणजे जवळपास १० वॅट. गाण्यात सरासरी याहून कमी येते हे खरं, पण ज्या ॲम्प्लिफायरवर मांडवात रात्रभर गाणी वाजणार त्याला मी पुरे १० वॅटच धरेन.

दुसरी पायरी: भोवतालची हवा, पण पेटीच्या आतली

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे पेपरात येतंच. पण हीट सिंकला त्या ४५ शी काही देणंघेणं नसतं. त्याच्या पात्यांना जी हवा लागते तिचं तापमान महत्त्वाचं, आणि बंद पेटीत ती बाहेरच्यापेक्षा सहज १५ अंशांनी जास्त असते. पेटीवर थेट ऊन येत असेल तर आणखी. आपल्या उदाहरणात पेटी सावलीत आहे असं मानून आतली हवा ६० अंश धरू. पुण्यात घरात टेबलावर उघडं ठेवायचं सर्किट असेल तर ४० पुरे. हा आकडा मनाने कमी करू नका. शक्य असेल तर पेटीत स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर ठेवून दुपारी एकदा बघून घ्या.

तिसरी पायरी: वजाबाकी

ज्याला ओहमचा नियम येतो त्याला हे लगेच कळेल: वॅट म्हणजे करंट, अंशांतला फरक म्हणजे व्होल्टेज, आणि वाटेतले थर्मल रेझिस्टन्स म्हणजे एकामागोमाग जोडलेले रोध. एकक आहे अंश/वॅट. एक वॅट वाहिला की त्या टप्प्यावर तापमान किती अंश चढतं, एवढाच त्याचा अर्थ. वाटेत तीन टप्पे असतात: सिलिकॉनच्या चिपपासून धातूच्या पाठीपर्यंत, पाठीपासून हीट सिंकपर्यंत, आणि हीट सिंकपासून हवेपर्यंत. पहिला आकडा डेटाशीट देते, दुसरा आपल्या फिटिंगवर ठरतो, तिसरा आपल्याला शोधायचाय.

७८०५ च्या टीओ-२२० पॅकेजमध्ये (तीन पाय आणि मागे भोकाची धातूची पट्टी असलेलं कवच) पहिला टप्पा ५ अंश/वॅट आहे. पाठ थेट हीट सिंकवर, मध्ये थर्मल पेस्ट, तर दुसरा टप्पा ०.५. चिपची मर्यादा १२५ अंश, पण काठावर कोण चालणार? ११० धरू.

११० वजा ६० म्हणजे ५० अंश हातात आहेत. ५० भागिले ५.६४, म्हणजे ८.९ अंश/वॅट. त्यातून ५ आणि ०.५ वजा केले की उरतात ३.४. म्हणजे आपल्याला ३.४ अंश/वॅट किंवा त्याहून कमी आकड्याचा हीट सिंक हवा. आकडा जितका लहान तितका हीट सिंक मोठा, हे नव्या माणसाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो.

आता गल्लीत दहा-पंधरा रुपयांत मिळणारा इंग्रजी यू आकाराचा छोटा काळा तुकडा आठवा. तो साधारण २० अंश/वॅटचा असतो. तो लावला तर चिपचं तापमान येतं ६० अधिक ५.६४ गुणिले २५.५, म्हणजे २०० च्या वर. प्रत्यक्षात तिथवर जाणार नाही. ७८०५ च्या आतलं थर्मल शटडाउन त्याआधीच सप्लाय तोडेल, चिप थंड झाली की पुन्हा जोडेल. तेच ते दुपारचं रीस्टार्ट.

आयआरएफझेड४४एन चं गणित मात्र सुखद येतं. त्याचा पहिला टप्पा फक्त १.५ अंश/वॅट. मायका (वीज अडवणारी अभ्रकाची चकती) आणि पेस्टचे आणखी १.५. हवा ६०, चिप १२५ पर्यंत, २.८ वॅट. ६५ भागिले २.८ म्हणजे २३, वजा ३, उरले २०. तोच छोटा तुकडा इथे कसाबसा पुरतो. एकच पॅकेज, पण एकाला तळहाताएवढं ॲल्युमिनियम लागतं आणि दुसऱ्याचं बोटाएवढ्यावर भागतं. म्हणून "टीओ-२२० चा हीट सिंक द्या" या मागणीला अर्थ नाही.

जाता जाता, २एन३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरवर '११५ वॅट' लिहिलेलं असतं त्यावर विसंबू नका. तो आकडा ट्रान्झिस्टरची पाठ २५ अंशांवर धरून ठेवली तरचा आहे. पुढे दर अंशाला सुमारे ०.६६ वॅट कमी करत जायचं. पाठ १०० अंशांवर असेल तर हातात राहतात ६६ वॅट.

चौथी पायरी: हीट सिंक घेण्याआधी थांबा

३.४ अंश/वॅट म्हणजे प्रत्यक्षात केवढं? पंख्याशिवाय, नुसत्या वर चढणाऱ्या हवेवर चालणाऱ्या हीट सिंकसाठी एक ठोकताळा आहे: ५०० ते ८०० ला हव्या त्या अंश/वॅटने भागा, उत्तर घनसेंटिमीटरमध्ये. पात्यांमधली मोकळी जागा धरून हीट सिंकचं बाहेरून मोजलेलं आकारमान तेवढं हवं. आपलं उत्तर १५० ते २३५ घनसेंटिमीटर. म्हणजे १०० बाय ७५ बाय २५ मिलिमीटरचा ठोकळा. वीस-पंचवीस रुपयांच्या रेग्युलेटरला! इथे शहाण्या माणसाने पेन खाली ठेवून दुसरे रस्ते बघावेत. तीन दिसतात.

पहिला: उष्णता वाटून घ्या. ७८०५ च्या आधी ६.८ ओहमचा, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर टाका. ०.६ अँपिअरला त्यावर ४ व्होल्ट पडतात आणि सुमारे २.४५ वॅट तिथेच जळतात. रेग्युलेटरच्या वाट्याला उरतात ३.२. बॅटरी उतरून ११.५ ला आली तरी ७८०५ ला ७.४ व्होल्ट मिळतात. त्याला ५ च्या वर २ व्होल्ट लागतात, म्हणजे चालेल. आता ५० भागिले ३.२ वजा ५.५, म्हणजे १० अंश/वॅट. ५० बाय ५० बाय २५ मध्ये काम होतं. रेझिस्टर टाकल्यावर ७८०५ च्या इनपुट पायाशीच ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा, आणि रिलेच्या झटक्यांसाठी शेजारी मोठा इलेक्ट्रोलिटिकही. एक लक्षात घ्या: रेझिस्टरची उष्णता पेटीतच राहते. पेटी लहान असेल तर हा अर्धाच फायदा.

दुसरा: हीट सिंक पेटीच्या बाहेर. मागच्या बाजूला खाच कापून पात्या बाहेर काढल्या की ६० ऐवजी ४५ अंशांची हवा मिळते. ११० वजा ४५ म्हणजे ६५, भागिले ५.६४, वजा ५.५, उरले ६ अंश/वॅट. रेझिस्टर न टाकताही आकार जवळपास निम्मा झाला. फक्त त्याच्यावर ऊन पडू देऊ नका, आणि खाच रबर किंवा सिलिकॉनने बंद करा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत. बंद पेटीच्या आत हीट सिंक ठेवणं म्हणजे उष्णता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं. घराबाहेर ती गेलेलीच नसते.

तिसरा: ७८०५ काढून बक कन्व्हर्टरचं (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं) मॉड्यूल लावा. ५ व्होल्ट ०.६ अँपिअर म्हणजे ३ वॅट बाहेर; ९० टक्के कार्यक्षमता धरली तर जळतात ०.३३ वॅट. हीट सिंकच नको. बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूला माझं मत सरळ यालाच आहे. पण खरखर अजिबात नको असा ऑडिओ प्री-ॲम्प (ॲम्प्लिफायरच्या आधीचा टप्पा) किंवा सेन्सरचा नाजूक सिग्नल असेल तिथे बकचा खरखराट त्रास देतो. तिथे लिनियर ठेवा आणि ॲल्युमिनियमचे पैसे मोजा.

पाचवी पायरी: दुकानात काय बघायचं

चांगल्या कंपनीच्या हीट सिंकचा कॅटलॉग मिळतो, त्यात अंश/वॅट दिलेला असतो. तो आकडा बहुधा हीट सिंक हवेपेक्षा ७०-७५ अंशांनी तापलेला असतानाचा असतो. हीट सिंक जितका कमी तापेल तितकी हवा त्याच्यावरून हळू वाहते आणि तो तितका कमी काम करतो. आपण तो हवेच्या वर फक्त २० ते ३५ अंश तापवणार असू तर कॅटलॉगचा आकडा सव्वापट ते जवळपास दीडपट धरायचा. थोडक्यात, हिशोबाने आलेल्यापेक्षा एक माप मोठा घ्या.

पंखा नसेल तर पात्या विरळ हव्यात, मधली फट ६ ते १० मिलिमीटर. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा दाट पात्यांचा हीट सिंक भंगारात स्वस्त मिळतो म्हणून उचलला जातो, पण तो पंख्यासाठी बनवलेला असतो. पंख्याशिवाय त्या बारीक फटींतून हवा सरकतच नाही. त्यापेक्षा जुन्या इन्व्हर्टरमधले जाड पात्यांचे तुकडे कामाचे. पंखा लावून हवा सेकंदाला एक-दोन मीटर वाहू लागली तर तोच हीट सिंक निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या अंश/वॅटवर येतो. पण शेतात, पिठाच्या गिरणीत किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये पंखा लावायचा तर तो कधीतरी धुळीने अडकणार हे गृहीत धरा.

काळा की पांढरा? ॲनोडाइज्ड (ऑक्साइडचा थर चढवलेला) पृष्ठभाग उष्णतेचं प्रारण घासलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त करतो, त्यामुळे पंख्याशिवायच्या कामात ॲनोडाइज्डच घ्या. रंग काळाच हवा असं नाही. पंखा असेल तर यावर जास्त पैसे घालवू नका. लांबी वाढवण्याचाही मोह आवरा: एक्स्ट्रूजनचा (साच्यातून लांब पट्टीसारखा काढलेल्या हीट सिंकचा) तुकडा दुप्पट लांब घेतला म्हणून थर्मल रेझिस्टन्स निम्मा होत नाही, कारण वरच्या भागाला खालच्याने तापवलेली हवा मिळते. रुंदी वाढवलेली बरी.

आकडा नसलेला हीट सिंक: स्वतः मोजा

आपल्याकडे बहुतेक माल सुटा, बिनकागदाचा मिळतो. हरकत नाही. सोनेरी ॲल्युमिनियम बॉडीचा २२ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर पेस्ट लावून त्या हीट सिंकवर घट्ट बसवा. १२ व्होल्ट द्या: १४४ भागिले २२, साडेसहा वॅट. हीट सिंक उभा ठेवा, जसा तो पेटीत बसणार आहे तसा, आणि सीलिंग फॅन बंद करा. हे विसरलात तर आकडा भलताच छान येईल. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मल्टिमीटरच्या के-टाइप थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक रेझिस्टरच्या शेजारी, एखाद्या स्क्रूखाली दाबा आणि वाचन पाच मिनिटं हललं नाही की लिहून घ्या. समजा खोली ३० आणि हीट सिंक ६२. फरक ३२ भागिले ६.५, म्हणजे ४.९ अंश/वॅट. मार्करने त्यावरच लिहून ठेवा.

इन्फ्रारेड गन वापरणार असाल तर उघड्या ॲल्युमिनियमवर ती धडधडीत खोटं सांगते, खूप कमी दाखवते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा.

बसवताना

सर्वात आधी हे बघा की पॅकेजची धातूची पाठ कोणत्या पायाला जोडलेली आहे. ७८०५ मध्ये ती ग्राउंडला, म्हणून थेट बसवता येतं. एलएम३१७ या रेग्युलेटरमध्ये आउटपुटला. उणे ५ व्होल्ट देणाऱ्या ७९०५ मध्ये इनपुटला, म्हणजे ७८०५ आणि ७९०५ एकाच हीट सिंकवर थेट लावले तर शॉर्ट. मॉसफेटची पाठ ड्रेन, २एन३०५५ चं पूर्ण कवच कलेक्टर, टीडीए२०३० ची पाठ उणे सप्लाय. जिथे गरज तिथे मायका किंवा सिलिकॉन पॅड, आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश. मायका दोन्ही बाजूंनी पेस्ट लावून साधारण १ ते १.५ अंश/वॅट देतो. कोरडा लावलात तर याहून वाईट.

भोक पाडल्यावर कडेला उभा राहिलेला बर (धातूची धारदार कड) मोठ्या ड्रिलने हाताने फिरवून काढा. तो बर मायकाला भोक पाडतो आणि शॉर्ट नेमका महिन्याभराने होतो. पेस्ट पातळ, बोटाने पसरून खालचा धातू पुसट दिसेल इतकीच. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा घालवण्याचं आहे. जाड थर स्वतःच अडथळा होतो. एम३ स्क्रू, साधा वायसर, स्प्रिंग वायसर. पिळून आवळू नका, टीओ-२२० ची पाठ वाकते आणि मधोमध फट पडते.

आधी स्क्रू, मग सोल्डर. उलट केलंत तर आवळताना सगळा ताण पायांवर येतो आणि गरम-थंड होत होत सोल्डर तडकतो. इन्सुलेशन लावलं असेल तर सप्लाय देण्याआधी मल्टिमीटरने पाठ आणि हीट सिंक यांत रोध बघा. अजिबात वाचन येता कामा नये. पात्या उभ्या दिशेने हव्यात. आडव्या ठेवल्या तर क्षमता पाव हिश्शाने कमी झाली असं समजा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हीट सिंकला चिकटून ठेवू नका. दर १० अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं, आणि कंट्रोलर बंद पडला की बहुतेकदा तेच फुगलेले सापडतात.

शेवटचं मोजमाप

पूर्ण लोडवर, पेटीचं झाकण लावून, तासभर चालवा. बॅटरीऐवजी बेंच सप्लायवर १४.४ व्होल्ट लावून केलं तर उन्हाची वाट बघावी लागत नाही. थर्मोकपल रेग्युलेटरच्या पाठीवर, स्क्रूच्या शक्य तितकं जवळ. बोटाच्या अंदाजावर जाऊ नका. ६० अंशांनाच बोट दोन-तीन सेकंदांत मागे येतं आणि त्यापुढे ७० की १०० हे बोटाला कळत नाही.

समजा खोलीत ३० अंश असताना पाठ ५२ दाखवते. चिप तिच्याहून ५.६४ गुणिले ५, म्हणजे २८ अंशांनी वर: ८०. आता उन्हाळ्यात बाहेर ४५ असेल तर सगळं १५ ने वर सरकेल आणि चिप ९५ ला जाईल. ११० च्या आत, ठीक. पाठ ७० आली असती तर चिप ९८, उन्हाळ्यात ११३; मग वरच्या तीनपैकी एखादा उपाय करायचा. हे आकडे आणि तारीख पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी पात्यांत माती आणि कोळ्याची जाळी भरली की पाठीचं तापमान वाढलेलं दिसेल, आणि जुन्या पेंटच्या ब्रशने झाडल्यावर ते परत खाली आलं की नाही हेही ताडून बघता येईल.